टॅब, बिअर आणि आठ ओळी

टॅब घ्यावा की घेऊ नये, हे रेम्बेर्तो सिन्यानींनी कुणालाही विचारलं नव्हतं. तरी मिराफ्लोरेसच्या आमच्या चढावर महिनाभर जो तो त्यांना उत्तर देत होता.

त्यांच्या इमारतीच्या खालच्या मजल्यावर दुकान चालवणाऱ्या कासिमीराबाई म्हणाल्या, "घेऊ नका. त्यात बघून बघून उरलेले डोळेही जातील." वाल्तेर म्हणाला, "घे, पण मोठा घे. छोटा घेतलास तर मिनीबसमध्ये विसरशील." मिनीबस त्याचीच असल्यामुळे या विषयात त्याच्या शब्दाला वजन होतं. वाल्तेर हा रेम्बेर्तोंच्या थोरल्याचा धर्मपिता, म्हणजे दोघे एकमेकांचे कोंपाद्रे. हे नातं रक्ताचं नसतं, त्यामुळे भांडून तोडायचीही सोय नसते. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने तर टॅबच्या किरणांनी केस जातात असं सांगितलं. हे ऐकून रेम्बेर्तोंनी, जे होते तेवढे, डोक्यावरून हात फिरवून मोजल्यासारखे केले आणि विषय सोडून दिला.

सल्ला दिला नाही तो फक्त त्यांच्या बायकोने, निएवेसने. तिने एकच विचारलं, "त्यात आठ ओळी दिसतील का?"

"दिसतील असं म्हणतात."

"मग घे की म्हाताऱ्या. गावाला कशाला विचारतोस?"

"मी विचारलेलं नाही. गाव सांगतंय."

या आठ ओळी म्हणजे सगळ्या प्रकरणाचं मूळ. आमच्या भागात तंतुवाद्यांचा एक वृंद आहे, गिटारी, मॅन्डोलिनी आणि एक भलाथोरला उभा कॉन्ट्राबास. रेम्बेर्तो त्यात बावीस वर्षं तिसरी मॅन्डोलिन वाजवत आले. तिसऱ्या मॅन्डोलिनचं काम असं की ती थांबली तर कुणाच्या लक्षात येत नाही, पण चुकली तर येतं. वृंदाला चाळीस वर्षं पूर्ण होणार म्हणून इलारियोन मास्तरांनी स्वतःची एक कुएका, म्हणजे रुमाल हलवत नाचायची चाल, नव्याने बसवली आणि तिच्या मध्यावर आठ ओळी फक्त रेम्बेर्तोंना दिल्या. एकट्याने वाजवायच्या. बाकी सगळे नुसता ठेका धरणार.

बावीस वर्षांनी आठ ओळी. आणि नेमकं त्याच वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं की पडदा मधोमध झिजलाय, चष्म्याचा नंबर वाढवून उपयोग नाही, जे वाचायचं ते मोठं करून वाचा.

पाठ का नाही केल्या, असं कुणीही विचारेल. मास्तरांनीही विचारलं होतं. पण रेम्बेर्तोंनी छत्तीस वर्षं जमिनींच्या नोंदणी कार्यालयात काढली होती. समोर कागद असल्याशिवाय त्यांचा हात कधी हललाच नव्हता. सूर डोक्यात चोख असायचा, घरात भांडी पुसताना ते तो गुणगुणायचेही. पण मॅन्डोलिन हातात आली आणि समोर कागद दिसला नाही की बोटं जागीच थांबायची. जणू कुणीतरी बिनअर्जाचं काम सांगितलंय.

तर टॅब आला. मोठा आला. विक्रेत्याने हमीचं कार्ड पुढे सरकवलं, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांचं, आणि म्हणाला, "इथे सही." रेम्बेर्तोंनी कार्ड नाकापाशी नेलं, दूर नेलं, उजेडाकडे धरलं. मागे रांग खाकरली. दिसत नाही हे परक्या माणसाला सांगणं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी "ठीक आहे" असं पुटपुटून सही केली. न वाचता केलेली ही त्यांच्या आयुष्यातली पहिली सही. तिचे परिणाम पुढे येतीलच.

घरी आल्यावर मात्र त्यांनी कसर भरून काढली. टॅब उघडताच त्याने विचारलं, अटी मान्य आहेत का. सामान्य माणूस इथे डोळे मिटून बोट ठेवतो. रेम्बेर्तोंनी दोन बोटांनी अक्षरं ताणून चांगली फणसाएवढी केली आणि दोन दिवस अटी वाचल्या. चौदाव्या कलमावर त्यांची हरकत होती. ती कळवायची कुठे हे टॅबमध्ये दिलेलं नव्हतं, तेव्हा त्यांनी ती एका वहीत नोंदवून खाली तारीख घातली आणि मगच मान्यता दिली.

आणि मग त्यांनी मास्तरांच्या कागदाचा फोटो काढला, आणि पुन्हा दोन बोटं ताणली.

निएवेस सांगते, ते त्या दिवशी अर्धा तास नुसते बघत बसले. पाच रेघा पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि त्यांवर बसलेले स्वर बटाट्यांएवढे. एकेकाचं शेपूटसुद्धा स्पष्ट. त्यांनी दिवाणखाना, स्वयंपाकघर, गच्चीचा जिना असे सगळीकडून तो कागद वाचून पाहिला. मग मॅन्डोलिन काढली आणि आठही ओळी सलग वाजवल्या. खालून कासिमीराबाईंनी दुकानातलं माप छताला ठोकलं. एरवी त्याचा अर्थ "पुरे" असा असतो. त्या दिवशी त्यांनी ते ठेक्यात ठोकलं.

त्याच आनंदात त्यांनी वृंदाचे जुने कागदही मोठे करून पाहिले, आणि नेहमी वाजवायच्या एका वाल्सच्या, म्हणजे गिरक्यांच्या नाचाच्या चालीच्या, तिसऱ्या ओळीत त्यांना एक बारीकसं चिन्ह सापडलं. स्वर अर्ध्याने वर न्यायचा, असं सांगणारं. ते त्यांनी आजवर पाहिलंच नव्हतं. मंगळवारच्या तालमीला त्यांनी मास्तरांना बाजूला घेतलं.

"मास्तर, त्या वाल्समध्ये तिसऱ्या ओळीत एक चिन्ह आहे."

"आहे."

"म्हणजे मी तीन वर्षं तो स्वर चुकीचा वाजवतोय?"

"चार," मास्तर म्हणाले आणि गिटार जुळवायला लागले.

चार वर्षं पंधरा माणसं तो बेसूर शेजारी घेऊन बसली होती आणि कुणी चकार शब्द काढला नव्हता. यावर रागवावं की पाया पडावं हे रेम्बेर्तोंना ठरवता येईना. घरी येताना शहरावरून जाणाऱ्या केबल कारच्या डबीत बसून त्यांनी दोन्ही थोडं थोडं केलं.

आता चाल्याकडे येऊ. आमच्याकडे नवी वस्तू घरात आली आणि तिची चाल्या केली नाही, तर ती वस्तू बिघडते, चोरीला जाते, किंवा आधी बिघडते आणि मग चोरीला जाते. धरणीआईला, पाचामामाला, दारूचा पहिला घोट जमिनीवर, मग वस्तूवर शिंतोडे, मग रंगीत कागदाचे तुकडे, पाकळ्या. घराची करतात, गाडीची करतात, शिलाई मशीनची करतात. टॅबची करायची नाही असं म्हणायला कुणाला तोंड होतं? म्हणून त्या रविवारी दुपारी निएवेसने भुईमुगाचं सूप केलं, कासिमीराबाई पाकळ्या घेऊन वर आल्या आणि वाल्तेर बिअरचा अख्खा क्रेट घेऊन आला.

पण रेम्बेर्तोंनी आधीच ठरवलं होतं. त्यांनी टॅब टेबलाच्या मधोमध ठेवला, वर प्लास्टिक घातलं, आणि वाइनचा एकेक थेंब टेबलाच्या चार कोपऱ्यांना वाहिला. टेबलाच्या. टॅबच्या नव्हे. दोन पाकळ्या प्लास्टिकवर ठेवल्या. बिअर फक्त जमिनीवर, तीही गॅलरीत.

"झालं?" वाल्तेरने विचारलं.

"झालं."

"कोंपाद्रे, ही चाल्या आहे की नोंदणी?"

"धरणीआईला पोचलं की झालं."

"तिला पोचलं," कासिमीराबाई म्हणाल्या, "पण तिला वाटेल, कुणीतरी शिंकलं."

सूप मात्र छान झालं होतं. सगळे जेवून, हसून, टॅबमध्ये आपापले फोटो पाहून गेले.

पुढचा आठवडा सुखाचा गेला. रेम्बेर्तो सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा आठ ओळी वाजवायचे. कार्यक्रम दुसऱ्या शनिवारी होता. मधे एकदा टॅबच्या वेष्टनात त्यांना एक सुकलेली पाकळी सापडली, ती त्यांनी रविवारची समजली. एकदा पडद्याला बोट चिकटलं, ते त्यांनी सकाळच्या मुरंब्यावर ढकललं. एका सकाळी टॅबमधून हलका बिअरचा वास आला, तेव्हा वाल्तेर शेजारीच बसलेला होता, त्यामुळे संशयाला जागा नव्हती.

कार्यक्रमाच्या आधीच्या सोमवारी पडदा गुलाबी झाला. मंगळवारी सकाळी चौथ्या ओळीवर असताना टॅब एकदा लुकलुकला, आणि गेला.

रेम्बेर्तोंनी तो झोपू दिला, उठवला, तांदळात पुरला. बुधवारी पहाटेच तांदूळ झटकून ते दुरुस्तीच्या कार्यालयात हजर झाले. बिल, हमीचं कार्ड, ओळखपत्राच्या दोन्ही बाजू, सगळ्याच्या तीन-तीन प्रती, फायलीत क्रमाने लावलेल्या. आजवर त्यांनी असल्या फायलींच्या पलीकडे बसून लोकांना परत पाठवलं होतं. काय काय मागता येतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

काउंटरवर पांढऱ्या कोटातली एक मुलगी होती. तिने फाइल उलटीपालटी करून पाहिली.

"आणि वस्तू तुमच्याच वापरात असल्याचं पत्र?"

रेम्बेर्तोंनी फाइल पुन्हा चाळली. असं पत्र मागता येतं हे छत्तीस वर्षांत त्यांना सुचलं नव्हतं. त्यांना राग यायला हवा होता, पण आधी आदर वाटला. तिथेच उभ्या उभ्या त्यांनी पत्र लिहिलं, खाली "आपला विश्वासू" घातलं आणि प्रत काढून आणली.

मुलीने टॅबची पाठ उघडली आणि नाक जवळ नेलं.

"चाल्या," ती म्हणाली.

"एकच थेंब. तोही टेबलावर."

तिने चिमट्याने एक पाकळी काढली. मग कागदाचा गुलाबी तुकडा. मग पिवळा. मग दोन हिरवे. एकेक काढून ती ओळीने ठेवत होती, आणि रेम्बेर्तोंना आपण आरोपी आहोत असं वाटायला लागलं होतं.

"बिअर आहे," तिने पुन्हा वास घेतला. "द्राक्षाची दारू आहे, सिंगानी. आणि ही गोड वाइन, चर्चमधली असते ती. काका, हे एका दिवसाचं काम नाही."

"बाई, मी सरकारी नोकर होतो."

"सरकारी नोकरच जास्त येतात. कार्निव्हल झाला की आमची रांग पार खालच्या फार्मसीपर्यंत जाते." तिने हमीचं कार्ड उलटं केलं. "कलम नऊ. श्रद्धेने, आनंदाने अथवा घरच्यांच्या आग्रहाने ओतलेला कोणताही द्रव. हमी लागू नाही. हे वाचलं नव्हतं का तुम्ही?"

खोटं बोलायला चांगली संधी होती. मागे रांग होती, बायका होत्या, एक त्यांच्या जुन्या कार्यालयातला शिपाईही असल्यासारखा वाटत होता. पण काय झालं कोण जाणे, ते म्हणाले, "दिसलं नाही. मला बारीक दिसत नाही. म्हणूनच हा घेतला."

मुलीने कार्ड खाली ठेवलं. मग तिने छापील पावतीपुस्तक बाजूला ठेवलं, प्रिंटरमधला एक कोरा मोठा कागद ओढला आणि जाड मार्करने, अंगठ्याएवढ्या अक्षरांत पावती लिहिली: टॅब एक, सुकवून पाहू, कामाचे पंधरा दिवस. चिमट्याने काढलेला माल एका पिशवीत घालून तोही दिला. "घरी दाखवा," ती म्हणाली. "माझ्या आजीलाही असंच लिहून द्यावं लागतं."

हा टॅब पुढे परत आला आणि चालला, हे आताच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव तिथे अडकायला नको. आजही चालतो. जास्त वेळ वापरून गरम झाला की सिंगानीचा वास येतो, एवढंच. घ्यावा का, असं कुणी विचारलं तर रेम्बेर्तो सांगतात, जरूर घ्या, पण घेतल्याचं महिनाभर कुणाला सांगू नका.

पण त्या बुधवारी हे कुणाला ठाऊक होतं? कार्यक्रम शनिवारी आणि टॅब पंधरा दिवसांनी. रेम्बेर्तोंनी घरी येऊन तिघांना बोलावलं, पिशवी टेबलावर उपडी केली आणि पुरावे रंगांप्रमाणे मांडले.

"सिंगानी कुणाची?"

निएवेसने हातातला रुमाल घडी केला, उलगडला. "माझी. सोमवारी. तू टेबलाची चाल्या केलीस. ते टेबल माझ्या लग्नातलं आहे, त्याला काय धाड भरलीय?"

"बिअर?"

"विचारतोयस तरी कशाला," वाल्तेर म्हणाला. "तू अंघोळीला गेला होतास. थोडीच ओतली मी. माझ्या मिनीबसवर दर वर्षी डझनभर बाटल्या ओततो, अकरा वर्षांत एक ओरखडा नाही."

"मिनीबसला बाहेरून ओततोस ना तू?"

"इंजिनलाही ओततो," वाल्तेर म्हणाला, पण आवाज जरा खाली आला.

कासिमीराबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होत्या. "माझी आपली झाकणभर वाइन. पाद्रीबाबांकडून मागून आणलेली. मला वाटलं, निएवेस विसरली असेल. हल्ली ती अंडी न्यायला येते आणि मेणबत्त्या घेऊन जाते."

"मेणबत्त्याच हव्या होत्या मला," निएवेस म्हणाली.

"मग अंडी का मागितलीस?"

"पण का?" रेम्बेर्तोंचा आवाज चढला नाही, पण कार्यालयीन झाला, आणि तो चढण्याहून वाईट. "मी करून झाल्यावर प्रत्येकाने पुन्हा का?"

वाल्तेरने कासिमीराबाईंकडे पाहिलं, बाईंनी निएवेसकडे. शेवटी निएवेसच म्हणाली, "तुझ्या आठ ओळींसाठी रे. नाहीतर आम्हाला काय करायचंय त्या पाटीचं?"

रेम्बेर्तो रागावलेच होते, आणि वहीत तशी नोंद घालायलाही ते बसले. पण तारीख लिहून झाल्यावर पुढे काय लिहावं हे त्यांना सुचेना. तीन माणसांनी आपल्या नावाने तीन वेळा धरणीआईला साकडं घातलं, ही तक्रार कोणत्या सदरात टाकायची?

गुरुवारी शेवटची तालीम होती. रेम्बेर्तोंनी मास्तरांना खरं ते सांगितलं. मास्तरांनी ऐकून घेतलं, कपाटातून एक खंजिरी काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. अगदी हळू ठेवली, वाजू न देता.

"खंजिरीला वाचावं लागत नाही, रेम्बेर्तो. ऐकलं की पुरतं."

"फक्त शनिवारी?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "तुम्ही वृंदातून जावं असं मला वाटत नाही. म्हणून म्हणतो. पुढेही खंजिरीच बरी."

खंजिरीत वाईट काही नाही. पण आमच्या वृंदात ती कुणाला देतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याला घरी बस म्हणवत नाही, त्याला.

"शनिवारी संध्याकाळपर्यंत मला मुदत द्या," रेम्बेर्तो म्हणाले. आयुष्यभर लोकांनी त्यांच्याकडे मुदती मागितल्या होत्या. स्वतः मागायची ही त्यांची पहिलीच वेळ.

"पाचला पडदा उघडतो. तोपर्यंत मी कुणाला काही सांगत नाही."

त्या संध्याकाळी निएवेसने त्यांच्यासमोर ताट ठेवलं आणि त्यांचं न जेवणं पाहत बसली. भिंतीवर, खिळ्याला, दुरुस्तीची पावती अडकवलेली होती. ताटावरून मान वर करून रेम्बेर्तो म्हणाले, "कामाचे पंधरा दिवस म्हणजे तीन आठवडे होतात."

"तुला ते इथून वाचता येतंय?"

"हो. किती मोठं लिहिलंय तिने."

निएवेस उठली, चप्पल घातली आणि खाली कासिमीराबाईंकडे गेली.

शुक्रवारी रेम्बेर्तोंना घरात यायला बंदी झाली. त्यांना कासिमीराबाईंच्या दुकानात गल्ल्यावर बसवलं. दिवसभरात त्यांनी अंडी, मीठ आणि साबण एवढ्याच वस्तू विकल्या, पण प्रत्येक वस्तूची पावती दिली, आणि उधार मागायला आलेल्या न्हाव्याकडून अर्ज लिहून घेतला. वरून, जिन्यातून, फरफरणाऱ्या कागदांचे आणि भांडणाचे आवाज येत होते.

"अरे, त्याला शेपूट आहे, शेपूट राहिलं."

"ते शेपूट नाही, माशी बसलीय कागदावर."

"मग मागच्या ओळीतल्या माशीला तू शेपूट का काढलंस?"

वर तिघे शाळेत भिंतीला लावतात तसले खाकी कागद पसरून बसले होते. एका कागदावर एक ओळ, असे आठ. रेघा निएवेसच्या, फूटपट्टीने मारलेल्या. पहिल्या पाच ओळींचे स्वर वाल्तेरचे, मिनीबसची पाटी रंगवायच्या ब्रशने. पाठीत चमक भरल्यावर त्याने ब्रश कासिमीराबाईंच्या हाती दिला. तिघांपैकी एकालाही संगीत वाचता येत नव्हतं. चित्र बघून चित्र काढावं तसं त्यांनी ते काढलं.

शनिवारी चर्चचं सभागृह भरलं होतं. रेम्बेर्तो खंजिरी न घेता मॅन्डोलिन घेऊन बसले होते. कुएका सुरू झाली, मधे आली, गिटारी आवाज खाली उतरवून नुसता ठेका धरू लागल्या. मास्तरांनी रेम्बेर्तोंकडे पाहिलं. आणि पहिल्या रांगेत वाल्तेर उभा राहिला आणि त्याने चादरीएवढा कागद डोक्यावर धरला.

"बसा की हो खाली," मागून कुणीतरी म्हणालं. "आम्ही काय पाठी बघायला आलो?"

"आठच ओळी आहेत," निएवेस मागे वळून म्हणाली. "तेवढा दम धरा."

रेम्बेर्तोंनी वाजवायला सुरुवात केली. स्वर भाकरीएवढे होते. काही जरा कलंडलेले, एकाला दोन शेपट्या, पण जागच्या जागी. पहिली ओळ संपली, निएवेसने दुसरी दिली. तिसरी. चौथी वाल्तेरने उलटी धरली, कासिमीराबाईंनी त्याच्या बरगडीत कोपर मारून ती सुलटी केली, आणि तेवढा वेळ रेम्बेर्तोंनी शेवटचाच स्वर थरथरवत धरून ठेवला. पाचवी. बोटं चालत होती. समोर कागद होता आणि बोटं चालत होती.

सहाव्या ओळीच्या शेवटी तीन स्वर जास्त होते.

रेम्बेर्तोंना ते दिसले. हे मास्तरांच्या कागदावर नव्हते, हेही त्यांना ठाऊक होतं. पण जे लिहिलेलं आहे ते खरं, असं मानून ज्या माणसाने आयुष्य काढलं, तो तिथे काय करणार? त्यांनी तिन्ही वाजवले. एकावर एक, पायऱ्या चढल्यासारखे. मास्तरांचा हात हवेतच राहिला. पंधरा वाद्यांनी श्वास धरला, कॉन्ट्राबासने कुठूनतरी एक ठोका जास्तीचा काढून दिला, आणि मग सातवी ओळ वर आली आणि सगळं पुन्हा रुळावर पडलं. सभागृहाला वाटलं, ही खास हरकत आहे. लोकांनी खिशांतून रुमाल काढले आणि आठव्या ओळीवर टाळ्यांचा ठेका धरला.

कार्यक्रम संपल्यावर रेम्बेर्तोंनी पहिल्यांदा कासिमीराबाईंना गाठलं. "बाई, सहाव्या ओळीतले ते तीन?"

"यापा," त्या म्हणाल्या. दुकानात गिऱ्हाइकाला मापाच्या वर घालतात ती यापा. "ओळ संपली तरी पुढे कागद कोरा दिसत होता. कोरा कागद तसाच द्यायचा कुणाला? मी पाव देतानासुद्धा वर एक घालते, आणि तुमच्या आयुष्यातल्या आठ ओळी मोजून-मापून देऊ?"

रेम्बेर्तोंनी त्यांचा हात धरला. इतका वेळ धरला की निएवेसला खाकरावं लागलं.

मग मास्तर आले. व्यासपीठामागच्या अंधूक उजेडात वाद्यं पिशव्यांत भरणं चालू होतं.

"सहाव्या ओळीच्या शेवटी तीन स्वर होते," मास्तर म्हणाले.

"होते."

"मी लिहिलेले नाहीत."

"नाहीत, मास्तर."

मास्तर ते तीन स्वर मनात वाजवून बघत असावेत, कारण ओठ हलत होते, असं निएवेस सांगते. रेम्बेर्तोंना ओठ दिसत नव्हते, फक्त एक उंच काळी आकृती.

"मंगळवारी सातला तालीम," मास्तर शेवटी म्हणाले. "मॅन्डोलिन घेऊन या. ते कागदही आणा, मला उतरवून घ्यायचेत."

रेम्बेर्तोंनी टोपी काढली. चार वर्षं चुकीचा स्वर मुकाट्याने ऐकून घेतल्याबद्दल, आठ ओळींबद्दल, दिलेल्या मुदतीबद्दल, आणि खंजिरी न वाजवता मांडीवर ठेवली होती त्याबद्दलही, त्यांनी क्रमाने, एकही मुद्दा न गाळता आभार मानले. शेवटी मान लववली.

"झालं तुझं?" मागून निएवेस हळूच म्हणाली. "मास्तर केव्हाच गेले. तो कॉन्ट्राबास आहे, पिशवीत घातलेला."

रेम्बेर्तोंनी हात पुढे करून चाचपून पाहिलं. होता खरा.

"असू दे," ते टोपी घालत म्हणाले. "त्याचेही मानायचेच होते."